डॉ. होमी जहांगीर भाभा आणि मापनाचें मर्म

वेवजीची शीव ओलांडली कीं गुजरात लागतें, आणि तेथून संजाण फार दूर नाहीं. इराणांतून धर्मरक्षणार्थ निघालेल्या पारशी मंडळींनीं या किनाऱ्यावर जेथें आपली वस्ती केली तें हेंच संजाण, असें त्यांची परंपरा सांगते. पुढें संजाणावर परचक्र आलें तेव्हां त्यांनीं आपला पवित्र अग्नि बोर्डीजवळच्या बहरोट डोंगरांतील गुहांत बारा वर्षें जपून ठेविला, हीही कथा प्रसिद्धच आहे. ज्या समाजानें आमच्या इतक्या निकट आश्रय घेतला, त्याच समाजांत डॉ. होमी जहांगीर भाभा यांचा जन्म झाला. आणि ज्याची योजना त्यांनीं आंखिली तें तारापूरचें अणुविद्युत् केंद्रही आमच्याच पालघर जिल्ह्यांत समुद्रकांठीं उभें आहे. असें असून आमच्या विद्यार्थ्यांस भाभांविषयीं बहुधा एकच गोष्ट ठाऊक असते, ती ही कीं ते भारताच्या अणुशक्तीचे जनक होत. परीक्षेंत एक गुण मिळण्यास तेवढें पुरतें.

प्रस्तुत चरित्रलेखास मात्र निराळेंच निमित्त घडलें. दहावीच्या वर्गांत अणूची रचना शिकवीत असतां आम्ही सहज बोलून गेलों कीं, इलेक्ट्रॉन अमुक ठिकाणीं आहे असें मापन करण्यापूर्वीं म्हणतां येत नाहीं. त्यावर पाड्यावरून येणाऱ्या एका मुलीनें उठून विचारलें कीं, मग तो कोठें आहे हें देवाला तरी ठाऊक असतें काय? वर्ग हंसला. उत्तर पुढच्या तासास देऊं असें आम्हीं सांगितलें, आणि पुढच्या तासास दुसरा धडा घेतला. हें आमच्याकडून बरें झालें नाहीं. त्या प्रश्नाचा माग काढतां काढतां आम्ही भाभांच्या चरित्रापाशीं येऊन पोंचलों. तेव्हां जें हातीं लागलें तें येथें सादर करीत आहों.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं मुंबईस झाला. वडील जहांगीर हे विलायतेंत शिकलेले कायदेपंडित होते. पितामह म्हैसूर संस्थानांत विद्याखात्याचे श्रेष्ठ अधिकारी होते. आई मेहेरबाई या पेटिट घराण्याच्या नात्यांतल्या, आणि आत्या या सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी. घरीं ग्रंथांचा संग्रह मोठा व पाश्चात्य संगीताच्या तबकड्या विपुल. अशा घरांत वाढलेल्या मुलास चित्रकला आणि संगीत यांची जी गोडी लागली ती अखेरपर्यंत सुटली नाहीं. शिक्षण कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळेंत, नंतर एल्फिन्स्टन कॉलेजांत व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें झालें. वयाची सोळा वर्षें पुरीं होण्याच्या सुमारास त्यांनीं आइन्स्टाइनचा सापेक्षतावाद वाचून काढिला होता, असें सांगतात. श्रीमंतीचें पाठबळ होतें हें खरें. परंतु श्रीमंतांचीं सर्वच मुलें सापेक्षतावाद वाचीत नाहींत, हेंही तितकेंच खरें.

१९२७ सालीं ते केंब्रिजच्या कीज कॉलेजांत दाखल झाले. वडिलांची आणि सर दोराबजींची इच्छा अशी कीं, मुलानें यंत्रशास्त्र शिकून परत यावें व जमशेदपूरच्या लोखंडाच्या कारखान्यांत मोठें पद सांभाळावें. मुलाचें मन मात्र वर्षभरांतच भौतिकशास्त्राकडे ओढलें गेलें. त्यांनीं वडिलांस पत्र लिहून स्पष्ट कळविलें कीं, कारखाना चालविणें हा आपला पिंड नव्हे. वडिलांनीं रागें न भरतां एक अट घातली: आधीं यंत्रशास्त्राची परीक्षा प्रथम वर्गांत उत्तीर्ण व्हावें, मग गणित शिकण्याचा खर्च आम्ही देऊं. १९३० सालीं ती अट पुरी झाली, आणि १९३२ सालीं गणिताची परीक्षाही प्रथम वर्गांतच पार पडली. पितापुत्रांमधील हा करार आम्हांस फार आवडतो. आमच्याकडे पालक मुलाची आवड मोडून काढितात, किंवा मग तिच्यापुढें मान तुकवितात. अट घालून ती पाळणारे बाप विरळा.

भाभा ज्या केंब्रिजमध्यें शिकत होते तेथें त्या वेळीं पदार्थविज्ञानाचा पायाच हालत होता. १९२५ ते १९२७ या अवघ्या दोन तीन वर्षांत हायझेनबर्ग, श्रोडिंजर, बॉर्न आणि केंब्रिजचेच डिरॅक यांनीं पुंजयामिकी, म्हणजे ज्यास क्वांटम मेकॅनिक्स म्हणतात तें शास्त्र, उभें केलें होतें. त्या शास्त्रानें मापन या साध्या शब्दाचा अर्थच पालटून टाकिला. भाभांचें कार्य समजावयाचें तर हा पालट प्रथम समजून घेतला पाहिजे, म्हणून येथें थोडें थांबतों.

आमच्या भागांत भात पायलीनें मोजीत. शीग लावून मोजावें कीं काठ पुसून मोजावें यावरून सावकार आणि कुळें यांच्यांत पूर्वीं किती तंटे होत हें वृद्धांस ठाऊक आहे. परंतु तंटा कितीही झाला तरी दोघांचेंही एका गोष्टीवर एकमत असे: कणगींत भात जितकें आहे तितकें आहेच. माप खोटें असेल, मोजणारा लबाड असेल, पण भाताची राशि मापाची वाट पाहत नाहीं. मापन म्हणजे जें आधींच आहे तें जाणून घेणें, ही आपली पिढ्यान्पिढ्यांची समजूत होय.

यापुढची पायरी अशी. ताप पाहण्याची नळी वाटीभर गरम दुधांत बुडविली तर नळी स्वतः तापण्यास दुधांतील थोडी उष्णता घेते, आणि दूध किंचित् निवतें. म्हणजे मापनानें मोजावयाची वस्तूच बदलली. इलेक्ट्रॉनसारखा सूक्ष्म कण पाहावयाचा तर त्यावर प्रकाश टाकावा लागतो, आणि प्रकाशाच्या धक्क्यानें तो कण ढळतो. पुष्कळ पुस्तकें येथवर येऊन थांबतात, आणि आम्हींही वर्गांत पुष्कळ वर्षें इतकेंच शिकविलें. पण हें अपुरें आहे. दूध निवलें तरी आधीं त्याची कांहीं एक निश्चित उष्णता होतीच. ती हिशेबानें काढतां येते. पुंजयामिकी याहून फार निराळें बोलते. तिच्या गणितांत मापनापूर्वीं इलेक्ट्रॉनास सामान्यतः एक निश्चित स्थान असें नसतेंच. निरनिराळ्या स्थानांच्या शक्यता तेवढ्या असतात, आणि मापन झालें म्हणजे त्यांपैकीं एक प्रत्यक्षांत उतरते. कोणती उतरेल हें आधीं सांगतां येत नाहीं. शंभर वेळां मोजलें तर किती वेळां कोणती उतरेल हें मात्र अत्यंत अचूक सांगतां येतें.

या शक्यतांचा हिशेब आपल्या नेहमींच्या हिशेबासारखा नाहीं. एखादी घटना दोन वाटांनीं घडूं शकत असेल, तर प्रत्येक वाटेची संभाव्यता काढून त्यांची बेरीज करावी, असें आपण शाळेंत शिकतों. पुंजयामिकी प्रत्येक वाटेस प्रथम एक अंक देते, ज्यास आयाम म्हणतात; तो ऋणही असूं शकतो. दोन्ही वाटांमध्यें भेद करणारी खूण कोठेंही उरत नसेल, तर आधीं आयामांची बेरीज करावयाची व मग तिचा वर्ग करावयाचा. उदाहरणादाखल एका वाटेचा अंक ३ व दुसरीचा उणा १ घ्या. वर्ग करून बेरीज केली तर ९ आणि १ मिळून १० होतात. परंतु आधीं बेरीज केली तर २, व त्याचा वर्ग ४. दहाच्या जागीं चार! एखाद्या उपकरणानें कण कोणत्या वाटेनें गेला हें टिपून ठेविलें, तर चाराचे पुन्हां दहा होतात. वाट जाणण्याची सोय केली कीं फलच बदलतें. मापनाचें सारें गूढ या एका वाक्यांत आहे.

आतां भाभांकडे वळूं. १९३२ सालीं पॉझिट्रॉनचा शोध लागला होता. हा कण सर्व बाबतींत इलेक्ट्रॉनसारखा, फक्त त्याचा विद्युद्भार उलट. डिरॅक यांच्या समीकरणानें त्याची चाहूल आधींच दिली होती. १९३५ सालीं, वयाच्या सव्विसाव्या वर्षीं, भाभांनीं असा प्रश्न घेतला कीं, इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन एकमेकांच्या जवळून गेले तर ते किती कोनांतून आणि किती प्रमाणांत विखुरले जातील? बाहेरून पाहणारास दिसतें तें इतकेंच: एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन आले, व एक इलेक्ट्रॉन आणि एक पॉझिट्रॉन गेले. मध्यंतरीं मात्र दोन गोष्टी संभवतात. आलेले कणच एकमेकांच्या प्रभावानें वळून निघून गेले असतील. किंवा आलेले दोघे परस्परांत लय पावून नष्ट झाले असतील आणि त्यांच्या ऊर्जेंतून अगदीं नवी जोडी जन्मास आली असेल. गेले ते तेच कीं दुसरे? हा भेद दाखविणारी खूण सृष्टींत कोठेंही उरत नाहीं. म्हणून भाभांनीं दोन्ही वाटांचे आयाम आधीं एकत्र केले व मग वर्ग केला. त्यांच्या उत्तरांत जी अधिक संज्ञा आली ती ना पहिल्या वाटेची ना दुसरीची. ती दोघींच्या एकत्रपणाची होती. आणि वेगवान कणांच्या बाबतींत तिचा परिणाम प्रयोगांत सांपडण्याइतका मोठा आहे, असें त्यांनीं दाखवून दिलें. तो निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तांत प्रसिद्ध झाला, आणि त्या क्रियेस जगभर आज भाभा विकिरण म्हणतात. ज्या १९३५ सालीं भाभा हा हिशेब करीत होते त्याच सालीं आइन्स्टाइन व त्यांचे दोन सहकारी यांनीं पुंजयामिकी अपूर्ण आहे असा आक्षेप छापिला होता. कणाचें स्थान निश्चित असलेंच पाहिजे, तें आपणांस कळत नाहीं हा शास्त्राचा उणेपणा, अशी त्यांची बाजू. कोपनहेगनचे नील्स बोर यांनीं तिचें खंडन केलें. आणि भाभांनीं त्या काळांत जे कांहीं महिने युरोपांतील निरनिराळ्या आचार्यांपाशीं घालविले त्यांत झुरिचचे पौली, रोमचे फर्मी आणि हे बोरही होते.

येथेंच त्या मुलीच्या प्रश्नास हात घालावा असें आम्हांस वाटतें. १९६४ सालीं जॉन बेल नांवाच्या आयरिश शास्त्रज्ञानें असें दाखविलें कीं, कणांजवळ उत्तरें आधींच लिहून ठेविलेलीं असतील, आणि एका ठिकाणच्या मापनाचा दूरच्या कणावर तत्काळ परिणाम होत नसेल, तर दूरदूरच्या मापनांमधील मेळ एका ठराविक मर्यादेच्या आंत राहिला पाहिजे. १९७२ पासून पुढें प्रयोग होत गेले. मर्यादा ओलांडली जाते असेंच आढळलें, आणि या कार्याबद्दल २०२२ सालीं तिघां शास्त्रज्ञांस नोबेल पारितोषिक मिळालें. म्हणजे कणगींतल्या भातासारखें, आपापल्या जागीं निमूट पडून असलेलें उत्तर तेथें नाहीं. अद्यापि मतभेद आहेत. कण नेहमीं निश्चित स्थानींच असतो, मात्र दूरवरचे प्रभाव मानावे लागतात, असें म्हणणारा पक्षही आहे, आणि त्याचें गणित चूक नाहीं. पण बहुमताप्रमाणें पाहिलें तर, जें अद्याप ठरलेंच नाहीं तें ठाऊक नसणें हें अज्ञान नव्हे. गवयानें अजून न गायिलेली तान कोणत्या सुरावर संपली, हा प्रश्न सर्वज्ञासही विचारतां येत नाहीं. उलट, जें अजून व्हावयाचें आहे तेंही देवापुढें वर्तमानच असतें, असें आमच्या धर्मांतील कित्येक आचार्य मानीत आले आहेत. त्या मुलीस आम्हीं हें त्याच दिवशीं सांगावयास हवें होतें. ती आतां या शाळेंत नाहीं. हा अंक तिच्या हातीं पडला, आणि आमचें म्हणणें तिला पटलें नाहीं, तर तिनें तसें अवश्य कळवावें.

असो. भाभांचा स्वतःचा ओढा तत्त्वचर्चेपेक्षां हिशेब आणि उपकरण यांकडे होता. १९३७ सालीं त्यांनीं हाइटलर यांच्या सहकार्यानें विश्वकिरणांचा जो सिद्धांत मांडिला त्यानें त्यांचें नांव सर्वत्र झालें. आकाशांतून येणारा एक वेगवान इलेक्ट्रॉन हवेंत शिरला म्हणजे त्यापासून प्रकाशकण, प्रकाशकणापासून इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन यांची जोडी, तिच्यापासून पुन्हां प्रकाशकण, अशी वंशवृद्धि होत जाऊन जमिनीकडे कणांचा पाऊस येतो. कोणता कण केव्हां फुटेल हें सांगतां येत नाहीं. पण अमुक जाडीच्या हवेखालीं सरासरीनें किती कण सांपडतील, आणि त्या सरासरीभोंवतीं आंकडा किती वरखालीं होईल, हें सांगतां येतें. अमेरिकेंत कार्लसन व ओपनहायमर यांनींही त्याच वर्षीं स्वतंत्रपणें हेंच उत्तर काढिलें.

त्याच्या पुढच्या वर्षींचें टिपण आकारानें लहान, पण आमच्या मतें अतिशय सुंदर आहे. विश्वकिरणांत इलेक्ट्रॉनहून जड असे कण सांपडले होते. त्यांस आज म्युऑन म्हणतात. असा जड कण अल्पायुषी असून तो फुटून इलेक्ट्रॉन निर्माण होत असावा, असें भाभांनीं १९३८ सालीं सुचविलें. आणि पुढें असें म्हटलें कीं, सापेक्षतावाद खरा असेल तर वेगानें धांवणाऱ्या अशा कणाचें घड्याळ आपल्या दृष्टीनें मंद चालेल, म्हणून तो अधिक काळ जगलेला दिसेल. म्युऑनचें सरासरी आयुष्य एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सुमारें २.२ पट, इतकेंच असतें. तेवढ्या वेळांत प्रकाशसुद्धां ६६० मीटर जातो. आणि हे कण तर पंधरा किलोमीटर उंचीवर जन्मून जमिनीपर्यंत पोंचतात! १९४१ सालीं रॉसी व हॉल यांनीं अमेरिकेंत डोंगरावर आणि पायथ्याच्या शहरांत असे कण मोजून वेगवान कण दीर्घायुषी असतात हें सिद्ध केलें. या घड्याळाची आणखी एक नवलाई अशी कीं, म्युऑन वृद्ध होत नाहीं. नुकताच जन्मलेला आणि पुष्कळ वेळ जगलेला, दोघांचाही पुढच्या क्षणीं फुटण्याचा संभव एकसारखाच. एका म्युऑनकडे पाहून वेळ कळत नाहीं. हजारोंकडे पाहून अचूक कळते.

१९३९ सालीं भाभा सुट्टीसाठीं मायदेशीं आले असतां महायुद्ध पेटलें आणि परतीची वाट बंद झाली. बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्यें, जेथें सर चंद्रशेखर व्यंकट रामन होते, त्यांनीं विश्वकिरणांचें संशोधन सुरू केलें. १९४१ सालीं, वयाच्या एकतिसाव्या वर्षीं, ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले. केवळ कागदावर हिशेब करणारा हा मनुष्य येथें उपकरणांकडे वळला, आणि लष्करी विमानांतून मोजयंत्रें हजारों फूट उंच नेऊन कण मोजूं लागला. युद्ध संपल्यावर विलायतेस परत जाणें त्यांस सहज शक्य होतें. त्याऐवजीं १२ मार्च १९४४ रोजीं त्यांनीं दोराबजी टाटा न्यासाच्या विश्वस्तांस एक पत्र लिहिलें. मूलभूत संशोधनाची एक उत्तम संस्था येथेंच काढावी, म्हणजे वीसेक वर्षांनीं अणुशक्तीपासून वीज निघूं लागेल तेव्हां देशास तज्ज्ञांसाठीं परक्यांच्या तोंडाकडे पाहावें लागणार नाहीं, असा त्या पत्राचा आशय होता. पत्राची तारीख पुन्हां पाहा. अणुबाँबचा स्फोट तेव्हां झालाही नव्हता.

टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५ च्या जून महिन्यांत बंगलोर येथें सुरू झाली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मुंबईस आली. पेडर रोडवरील ज्या केनिलवर्थ बंगल्याच्या अर्ध्या भागांत ती प्रथम नांदली, त्याच बंगल्यांत भाभांचा जन्म झाला होता. पुढें ती अपोलो बंदरावरील जुन्या यॉट क्लबांत गेली, व १९६२ च्या जानेवारींत कुलाब्याच्या टोंकावरील तिच्या भव्य वास्तूचें उद्घाटन झालें. आपल्या प्रांतांतील थोर पंडित दामोदर धर्मानंद कोसंबी हे तिच्या आरंभींच्या गणितज्ञांपैकीं होत. १९५४ सालच्या अखेरीस स्वतः डिरॅक मुंबईस येऊन तेथें व्याख्यानें देऊन गेले. १९६० च्या जानेवारींत वृद्ध बोरही आले. ज्या मंडळींनीं मापनाचा अर्थ पालटला त्यांच्यापाशीं भाभा तरुणपणीं शिकावयास गेले होते. वीस पंचवीस वर्षांनीं तीच मंडळी त्यांच्या दारीं पाहुणी आली. संस्थेच्या भिंतींवर त्यांनीं समकालीन चित्रकारांचीं चित्रें लाविलीं. इमारतीच्या आड येणारीं मोठीं झाडें तोडण्याऐवजीं मुळांसकट उचलून दुसरीकडे लावण्याचा त्यांचा आग्रह असे. त्यावर कोणी हंसत. झाडें मात्र जगत.

मापनाच्या दृष्टीनें संस्थेचें एक कार्य विशेष होय. म्हैसूर प्रांतांतील कोलार येथील सोन्याच्या खाणी जगांतील अत्यंत खोल खाणींपैकीं होत्या. त्या खाणींत उपकरणें उतरवून विश्वकिरण मोजावे, अशी योजना १९५० नंतर हातीं घेण्यांत आली. जितकें खोल जावें तितके इतर कण खडकांत अडकून पडतात, आणि अत्यंत निसटत्या न्युट्रिनो कणाची खूण ऐकूं येण्याजोगी शांतता मिळते. १९६५ सालीं दोन किलोमीटरांहून अधिक खोलीवर, जपानी व इंग्रज शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें, वातावरणांत जन्मलेल्या न्युट्रिनोंची खूण तेथें प्रथम सांपडली. भाभा तेव्हां हयात होते.

अणुशक्ति मंडळ १९४८ सालीं स्थापन झालें आणि भाभा त्याचे अध्यक्ष झाले. ट्रॉम्बे येथील अप्सरा अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजीं चालू झाली. त्याच्या आदल्या वर्षीं जिनीव्हा येथें भरलेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या अणुपरिषदेचें अध्यक्षस्थान त्यांनीं भूषविलें. वीस वर्षांच्या आंत अणुसंमीलनाची शक्ति मनुष्याच्या ताब्यांत येईल असें भाकित त्यांनीं त्या परिषदेंत केलें; तें खरें ठरलें नाहीं. १९६४ सालीं चीननें अणुस्फोट केल्यावर त्यांनीं आकाशवाणीवरून अणुबाँबच्या खर्चाचा जो अल्पसा आंकडा सांगितला, तोही पुढें टीकेस पात्र झाला. येथें आमचें मन त्यांच्याबरोबर चालत नाहीं, हें लपविण्याचें कारण नाहीं. अशा शस्त्राचा खर्च रुपयांत सांगून भागत नाहीं.

तारापूरचें बांधकाम १९६४ सालीं सुरू झालें, व १९६९ च्या ऑक्टोबरांत तेथील पहिल्या दोन संचांची वीज रीतसर मिळूं लागली. पुढें प्रत्येकीं ५४० मेगावॅटचे आणखी दोन संच २००५ व २००६ सालीं सुरू झाले. त्यांच्यासाठीं अक्करपट्टी व पोफरण या गांवांस आपली जागा सोडावी लागली. मेगावॅटांची मोजणी यंत्रावर तत्काळ दिसते. ज्या कोळ्याची होडी लावण्याची जागा गेली त्याच्या नुकसानीस असें यंत्र नाहीं, आणि म्हणूनच तें मोजण्यास फार वर्षें लागतात.

भाभांनीं तारापूरची वीज पाहिली नाहीं. २४ जानेवारी १९६६ रोजीं व्हिएन्ना येथील अणुशक्तीविषयक सभेस जात असतां, कांचनजंगा नांवाचें त्यांचें विमान जिनीव्हा येथें उतरण्याच्या बेतांत माँ ब्लाँ शिखराजवळ आदळलें. आंतील ११७ माणसांपैकीं एकही वांचलें नाहीं. भाभांचें वय छप्पन्न वर्षांचें होतें; ते अविवाहित होते. या अपघाताविषयीं नाना तर्क करण्यांत आले, परंतु चौकशींत जें निष्पन्न झालें तें असें: विमानाच्या स्थानदर्शक उपकरणांपैकीं एक बिघडलें होतें. आपण शिखराच्या कोणत्या बाजूस आहों याचा वैमानिकाचा अंदाज चुकला. जमिनीवरील अधिकाऱ्यानें रडारवर चूक पाहून दुरुस्ती कळविली, पण तिचे शब्द पुरेसे नेमके नव्हते. आपण डोंगर मागें टाकिला अशा समजुतीनें वैमानिकानें विमान खालीं आणावयास आरंभ केला. इलेक्ट्रॉनाची गोष्ट निराळी, विमानाची निराळी. विमानाचें स्थान त्या क्षणीं पूर्णपणें निश्चित होतें. रडारावर तें दिसतही होतें. तें विमानांतल्या माणसांस तेवढें ठाऊक नव्हतें.

दुसऱ्या वर्षीं ट्रॉम्बेच्या संस्थेस भाभांचें नांव देण्यांत आलें. त्यांच्या १९३५ च्या हिशेबाचा सर्वांत मोठा उपयोग मात्र त्यांच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांनीं झाला. जिनीव्हाजवळ जमिनीखालीं २७ किलोमीटर परिघाच्या बोगद्यांत १९८९ पासून २००० सालापर्यंत एक प्रचंड यंत्र चालत होतें. त्यांत इलेक्ट्रॉन व पॉझिट्रॉन समोरासमोरून आदळविले जात. किती टकरी होतात हें नेमकें कळल्याशिवाय इतर कोणत्याही मोजणीस अर्थ नव्हता. म्हणून शास्त्रज्ञांनीं अगदीं लहान कोनांतून विखुरणाऱ्या इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांच्या जोड्या मोजण्याची व्यवस्था केली. त्यांचें प्रमाण भाभांच्या सूत्रावरून, आणि त्यावर पुढें केलेल्या सूक्ष्म दुरुस्त्यांवरून, आधींच ठाऊक होतें. तेव्हां तीच पायली झाली, आणि बाकीचें सर्व त्या पायलीनें मोजलें गेलें. सृष्टींत हलक्या न्युट्रिनोंच्या जाति तीनच आहेत हें त्याच यंत्रावर निश्चित झालें. आकाश निरभ्र असलें म्हणजे तेथून माँ ब्लाँचें शिखर दिसतें.